डिझेल सुटलं की मग

नव्या गाडीचा पेढा अजून तोंडात विरघळत असतो तोच विचारणारा विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" रंग कोणता घेतला, आत माणसं किती बसतात, ब्रेक वेळेवर लागतो का, या गोष्टी पुढच्या. आधी आकडा. ज्याला विचारलं तो उत्तरापूर्वी किंचित थांबतो, लांब कुठेतरी बघतो आणि मग जो आकडा सांगतो तो त्याच्या गाडीने कधीकाळी, हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, वारा पाठीशी असताना दिलेला असतो. तो खोटं बोलत नाही. उतारवयातला गवई आपल्या तानेचा पल्ला सांगताना ज्या मैफलीची आठवण काढतो, तसल्याच एका मैफलीतला हा आकडा. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मनातल्या मनात दोन-तीन किलोमीटर वजा करतो, "चांगलंय की मग" म्हणतो आणि दुसरा पेढा उचलतो. दोन्ही बाजूंना खरं माहीत असून इतक्या सभ्यपणे पार पडणारा व्यवहार आपल्याकडे दुसरा नसेल. लग्नाच्या मुलाचा पगार तेवढा सोडा.

या आकड्याची जन्मभूमी पुण्यात आहे. कोथरूडच्या अंगाला, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. जाहिरातीतल्या ठसठशीत आकड्याच्या डोक्यावर जी चांदणी असते, तिचा माग काढत तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत गेलात तर बहुधा हिचंच नाव भेटतं. तिथे गाडीची चाकं लोखंडी रुळांवर ठेवतात. समोर वाऱ्याच्या सोंगातला मोठा पंखा. चालकापुढे पडद्यावर एक रेघ सरकत असते: आता इतका वेग, आता थांब, आता पुन्हा निघ. जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर, आणि सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद कमी. तेवढ्या वेळात गाडी दहा किलोमीटरांहून जास्त पळते आणि तसूभरही हलत नाही. एसी बंद. पेट्रोल किती गेलं ते टाकीत काठी घालून बघत नाहीत. गाडीने सोडलेला श्वास पिशव्यांत भरून घेतात, त्यातला कार्बन मोजतात आणि आत किती जळलं असेल ते त्यावरून ठरवतात. नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यांनाही हेवा वाटावा अशी ही विद्या आहे, आणि मी तिची मुळीच थट्टा करत नाही. सगळ्या गाड्यांना सारखाच पेपर द्यायचा तर वर्गखोली बंदच हवी. एवढंच वाटतं, की त्या खोलीत शेळ्या आडव्या येत नाहीत, खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा अंदाज घ्यावा लागत नाही, आणि "दादा, जरा थांबा, म्हातारी येतेय" असं मागून कुणी ओरडत नाही.

देशी गाडी कमी खाते की परदेशी, हा पारावरचा वाद. पण तो कायद्याने मोजायला घेतला गेला तो थेट वॉशिंग्टनमध्ये. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. (त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. तिचं ॲव्हरेज त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. पेंढीला इतके कोस, असं काहीतरी निघालं असतं.) अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला, की प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची सरासरी काढायची आणि १९८५ पर्यंत ती गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर न्यायची. आपल्या मापात लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. खरी गंमत पुढेच आहे. देशात बनलेल्या गाड्यांची सरासरी वेगळी आणि बाहेरून आणलेल्यांची वेगळी, अशा दोन पंगती मांडल्या गेल्या. कामगार संघटनांना धास्ती होती, की कंपन्या इथले कारखाने गुंडाळून बाहेरच्या चिमुकल्या गाड्या आणतील आणि सरासरी सुधारली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतील. १९८० साली देशी पंगतीची सरासरी लिटरला ९.६ किलोमीटर भरली, परदेशी पंगतीची १२.६. दहा वर्षांनी ११.४ आणि १२.७. आणि २००० साली देशी १२.२ तर परदेशी १२.०. म्हणजे वीस वर्षांत देशी गाड्यांनी अंग आटवलं होतं आणि बाहेरच्यांना अमेरिकेचं पाणी मानवलं होतं.

त्या दोन पंगतींच्या मधल्या दोरीवरून एक गाडी फार मजेशीर रीतीने पलीकडे गेली. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया. अमेरिकन पोलिसांची आवडती, आठ सिलिंडरांची, पिणारी. हिच्यामुळे कंपनीची देशी सरासरी खाली यायची. कायदा असा, की पंचाहत्तर टक्के माल देशातला असेल तर गाडी देशी. कॅनडाचा मालही देशीच धरत, आणि ही गाडी कॅनडात बनायची. तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने तिचे काही सुटे भाग मेक्सिकोसारख्या बाहेरच्या देशांतून घ्यायला सुरुवात केली, टक्केवारी पंचाहत्तरच्या खाली उतरवली आणि ही धिप्पाड बाई कागदोपत्री परदेशी झाली. आता ती परदेशी पंगतीत, बाहेरून आणलेल्या काटकुळ्या गाड्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिचं पिणं त्यांच्या उपासात मुरून गेलं. बॉनेट तेच, इंजिन तेच, पोलीसही तेच. बदललं फक्त नागरिकत्व. रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो बराच वेळ काही बोलणार नाही.

आपल्याकडे हा तक्ता उलटा टांगलेला. अमेरिकेत परदेशी गाडी म्हणजे, निदान सुरुवातीला, काटकसरीची. इकडे परदेशी गाडी म्हणजे जिच्या ॲव्हरेजची चौकशी करणं हेच असभ्यपणाचं. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्यावर सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि २००३ साली तिच्या आयातशुल्कावरून चहाच्या टपऱ्यांपर्यंत चर्चा झाली. शुल्क माफ करावं की नाही यावर ज्यांनी आयुष्यात सायकलचाही कर भरला नव्हता त्यांनीही मत दिलं. असली गाडी गावात लिटरला पाच-सहा किलोमीटरच्या पुढे जात नाही, हे मात्र कुणी काढलं नाही. ते काढायचं नसतं. सचिनची पहिली गाडी मारुती ८०० होती, आणि तिच्याबद्दल आपण सगळ्यांनी बिनदिक्कत विचारलं असतं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, आणि तेव्हापासून भारतीय मध्यमवर्गाला आकड्यांचं व्यसन लागलं. त्याआधीच्या फियाट-ॲम्बेसेडरच्या काळात गाडी मिळणं हेच ॲव्हरेज होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या गाडीला तू किती खातेस असं विचारणं बरं दिसत नसे. ७९६ सीसीचं मारुतीचं इंजिन जपानी सुझुकीचं, सुरुवातीचे सुटे भागही तिकडूनच आलेले. पण नाव पवनपुत्राचं, म्हणून देशी. जव्हारच्या हनुमान पॉइंटवर मारुतीच्या देवळाजवळ उभी असलेली एक जुनी ८०० मी पाहिली आहे. खाली दरी, वर वारा, आणि तिच्या मागच्या काचेवर 'बाबांचा आशीर्वाद'. बापच वारा असल्यावर तिला पेट्रोल कमी लागलं यात नवल ते काय!

जव्हारला पोचलोच आहोत तर जरा स्टँडवर थांबू. हे मुकण्यांचं संस्थान. १९४८ मध्ये विलीन झालं, राजवाडा अजून झाडीत गुलाबी उभा आहे, आणि संस्थानातले मानाचे घोडे गेले तरी जीपगाड्यांचा मान कायम आहे. एसटी स्टँडच्या बाहेर त्या रांगेने तिरक्या उभ्या असतात. विक्रमगड, मोखाडा, खोडाळा, वावर. पाटी नसते, किन्नर असतो. तो गावाचं शेवटचं अक्षर इतकं लांबवतो की गाव आपोआप जवळ आल्यासारखं वाटतं. या गाड्यांची वंशावळ एकदा निवांत बसून बघावी. जुनी महिंद्राची जीप घ्या. तिचं अंग अमेरिकेतल्या ओहायोचं. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने सैन्यासाठी घडवलं, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुटे भाग मुंबईत आणून इकडे जुळवायला घेतलं. पुढे पोटात डिझेलचं इंजिन आलं ते फ्रेंच, पूझो कंपनीचं. शेजारच्या ट्रॅक्सच्या पोटात जर्मन मर्सिडिजच्या वळणाचं. टपावर मोगऱ्याच्या कळ्यांची गाठोडी, दादरच्या फुलबाजाराला निघालेली. समोरच्या काचेवर जीवदानी, मागच्या पत्र्यावर सप्तशृंगी, आणि आरशाला लटकवलेलं लिंबू. आता ठेवा या गाडीला अमेरिकन कायद्याच्या पंगतीत आणि सांगा, देशी की परदेशी? वावरच्या आजीने तिला देशी ठरवून टाकलं आहे, कारण ती हात केल्यावर थांबते. त्यातल्या त्यात बोलेरो जरा बाळबोध घराण्यातली. तोरंगण घाट चढून त्र्यंबकच्या पुढे गेलं की नाशिक, तिथल्याच कारखान्यातली ती. पण सुरुवातीला तिच्याही पोटात तो पूझोचा फ्रेंच माणूस होताच.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे, आणि वेताळ टेकडीवरच्या रुळांना जे ठाऊक नाही ते इथल्या घाटाला ठाऊक आहे. खालून वर यायचं म्हणजे समजा चारशे मीटरांचा चढ. रिकामी जीप दीड टनाची. पुढे जाणं, वळणं, थांबणं हे सगळं सोडून नुसती ती उचलून वर ठेवायची म्हटली तरी अर्धा-पाऊण लिटर डिझेल जळतं. आता तिच्यात अठरा माणसं बसवा. (परवान्यावर याच्या निम्मीच लिहिलेली असतात. कायद्याने चूक आहे, जिवाला धोक्याचं आहे, आणि रोजचं आहे.) अठरा माणसांचा मिळून एक टन वाढला. भात, नागली, वरईवर पोसलेली अंगं. आपल्या शहरी अठरांचा सव्वा टन भरला असता. एकूण अडीच टन वर चढवायला लिटरभर डिझेल लागतं, थोडं वरच. ते अठरा जणांत वाटलं की माणशी साठ मिलिलिटर होतं. कटिंग चहाएवढं डिझेल, आणि त्यावर एक माणूस चारशे मीटर उंच. घाटात ही जीप लिटरला आठ किलोमीटर देत असेल तर अठरा जणांचे एकशे चव्वेचाळीस झाले. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत, कुठल्याही देशी-परदेशी पंगतीत हा आकडा सापडायचा नाही, कारण तिथे गाडीत एकटा चालक बसतो आणि तोही पगारी. आपल्याकडेही २०१७ पासून कंपन्यांच्या सरासरीचा नियम लागू आहे. त्यात गाडी जितकी जड तितकी मर्यादा सैल. गाडी स्वतः जड असली तर सरकार समजून घेतं. माणसांनी जड झाली तर पोलीस थांबवतात.

मांडीवरचं पोर या हिशेबात धरलेलं नाही. ते कुणीच धरत नाही. दिवाळी झाली, भात झोडून झाला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून घरंच्या घरं वसई, विरार, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघतात. तेव्हा या जीपमध्ये आणि भट्टीवाल्याने धाडलेल्या टेम्पोत काय काय चढतं ते बघत राहावं. तवा, दोन हंडे, गोधड्या, पाय बांधलेली कोंबडी, तिच्याकडे तिरक्या नजरेने बघणारा कुत्रा, आणि या सगळ्याच्या फटींतून माणसं. एक घर एका लिटरमध्ये किती लांब जातं, असं मोजायची वेळ आली तर आपल्याजवळ एककच नाही. होळीला ती माणसं परत येतात. भट्टीच्या मातीने हात लाल, नवा शर्ट, आणि एखाद्याच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्पीकर. जातानाच्या फेरीत जीप जड चालते आणि येतानाच्या फेरीत हलकी, असं ड्रायव्हर लोक सांगतात. वजन उलट वाढलेलं असतं, चढही येतानाच असतो. पण पंधरा-वीस वर्षं एकच गिअर टाकणाऱ्या हाताला मी शास्त्र शिकवायला जात नाही.

वावरच्या रस्त्यावर एकेकाळी गाड्यांची रांग लागली होती. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, राज्य हादरलं, आणि ज्या वाटेवर दिवसाकाठी एखादं वाहन दिसायचं तिथे पांढऱ्या ॲम्बेसेडर आणि सरकारी जीपगाड्या धुरळा उडवत आल्या. सरकारी गाडीला लॉगबुक असतं. कुठून निघाली, कुठे पोचली, किती किलोमीटर, किती लिटर. त्यातलं ॲव्हरेज फार गुणी. सपाटीवर जेवढं तेवढंच घाटात, उन्हाळ्यात तेवढंच पावसाळ्यात, कारण ठरवून दिलेल्या आकड्याशी जमलं नाही तर वरून शेरा येतो. त्या महिन्यांतली लॉगबुकं कुठल्या तरी कपाटात अजून असतील, आणि त्यांत वावरपर्यंतचे किलोमीटर बिनचूक लिहिलेले असतील. त्याआधी आजारी माणसाला पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणायचं एकच वाहन होतं, आणि काही पाड्यांवर पावसाळ्यात ते आजही निघतं. एक बांबू, त्याला बांधलेली गोधडीची झोळी, चार खांदे. इंधन म्हणाल तर सकाळची नागलीची भाकर. त्याचं लॉगबुक कुणी ठेवलं नाही.

घाट चढण्याचं इतकं सांगितलं, तर उतरण्याचंही सांगायला हवं, कारण काटकसरीची खरी कला उतारावर दिसते. जपान्यांनी १९९७ च्या डिसेंबरात प्रियस नावाची गाडी बाजारात आणली. ती ब्रेक लावताना वाया जाणारा जोर विजेत बदलून बॅटरीत भरून ठेवते. म्हणजे घाट उतरताना ती पुढच्या चढाची शिदोरी बांधत असते. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आमच्या घाटातला जुना ड्रायव्हर तोच विचार त्याच्या फार आधीपासून करत होता, फक्त त्याच्याकडे बॅटरी नव्हती. तो वळण संपलं की गाडी न्यूट्रलवर सोडायचा, अंगात आलं तर किल्लीच फिरवून इंजिन बंद करायचा. एकदम शांतता व्हायची. टायरांचा सरसर आवाज, पत्र्याची खुळखुळ, सागाच्या पानांत शिरलेला वारा आणि प्रवाशांच्या मनातले आपापले देव, एवढंच ऐकू यायचं. ही कला मरायला हवी होती आणि बरीचशी मेलीही. ब्रेक तापतात, आताच्या गाड्यांत तर इंजिन बंद केलं की ब्रेकच दगडासारखा होतो, आणि नव्या गाड्या गिअरमध्ये उतरताना तसंही डिझेल तोडतात. तरीपण त्या बंद इंजिनाच्या शांततेत फुकट मिळालेल्या दोन किलोमीटरांचं जे समाधान ड्रायव्हरच्या मानेवर दिसायचं, ते टोयोटाच्या इंजिनिअरला पेटंट घेतानाही मिळालं असेल का, याची मला शंका आहे.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. गेल्या हिवाळ्यात आला होता, तेव्हा त्याला धबधबा बघायचा होता, आणि भाड्याची गाडी करण्यापेक्षा जीपने जाऊ, हा हट्ट माझा. ज्यांच्या जीपमध्ये बसायचं होतं त्यांना स्टँडवर सगळे नाना म्हणतात. साठीच्या पुढचे, गांधी टोपी, शर्टाच्या खिशात बिडीचा कट्टा आणि त्याच्यामागे नीट घडी केलेली पंपाची पावती. गाडी भरायला वेळ होता. पाहुणा अमेरिकेचा म्हटल्यावर नानांनी ओळखपाळख, मुलंबाळं, पगार हे सगळं ओलांडून थेट मुद्द्याला हात घातला.

"तिकडं स्वतःची गाडी हाय का, भाऊ?"

"आहे ना."

"काय ॲव्हरेज देते?"

"बत्तीस," पुतण्या सहज म्हणाला.

नानांनी ओठांपर्यंत नेलेली बिडी खाली घेतली. पलीकडचा ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात धरून जवळ आला. बत्तीस! चार चाकं, एसी, आणि बत्तीस. क्षणभर अमेरिकेचा दबदबा त्या स्टँडवर असा काही वाढला की बस्स. इतका तो कुठल्याही अध्यक्षाच्या दौऱ्याने वाढला नसेल. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणून ती माणसं चंद्रावर गेली." पुतण्या प्रामाणिक. त्याने खुलासा केला, की काका, हे मैल आहेत, आणि लिटरला नाही, गॅलनला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. मग त्याने मोबाइल काढून भागाकार केला आणि जरा ओशाळून आकडा सांगितला: साडेतेरा.

"साडेतेरा?" नाना म्हणाले. "लिटरला?" आणि त्यांनी बिडी पेटवली. चहावाला ड्रायव्हर आपल्या गाडीकडे परत गेला. "एवढं तर माझी ट्रॅक्स देती." मग थोडं थांबून, सचोटीला जागून: "उतारावर."

पुतण्याला आता रस वाटू लागला. त्याने विचारलं, की नाना, मग तुमच्या गाडीचं नक्की किती, चढ-उतार धरून? नानांनी त्याच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं. त्यांचा हिशेब किलोमीटरांत नव्हताच. सकाळी पंपावर ठरलेल्या रुपयांचं डिझेल टाकायचं. पहिल्या सात सीट डिझेलच्या. सातवी बसली की डिझेल सुटलं. पुढच्या चार बँकेच्या हप्त्याच्या. बारावी टायर-ऑइलला, तेरावी किन्नराला. चौदावीपासून पुढे घरचं. आजी, पोरं, शाळेची मुलं यांचं निम्मं किंवा काहीच नाही, ते मोजायचं नाही. एखाद्या दिवशी सहावरच गाडी निघते. कुणाच्या तरी मयताला वेळेवर पोचवायचं असतं, नाहीतर दवाखान्याची घाई असते. त्या दिवशी डिझेल सुटत नाही. "सुटत नाय तर नाय," नाना म्हणाले आणि चाकाला उगाच एक लाथ मारून बघितली. वाढत्या भावाचं काय, असं पुतण्याने विचारलं. भाव वाढला की डिझेल आठव्या सीटला सुटतं, एवढाच फरक. पूर्वी पाचव्याला सुटायचं. मी मनात नोंद केली, की तेलाच्या बाजारातली उलथापालथ इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुठल्याही अर्थतज्ज्ञाने समजावली नव्हती.

तोवर किन्नराने मागचं दार लावलं होतं, टपावरची गाठोडी दोरीने आवळली होती, आणि आत माणसांनी एकमेकांच्या बरगड्यांशी तडजोड केली होती. मी पुढे, गिअरच्या दांड्याला गुडघा चुकवून बसलो होतो. पुतण्या अजून खालीच, आत जागा आहे की नाही याचा अंदाज घेत. त्याच्या देशात सीट म्हणजे एक वस्तू असते. ती दिसते, तिला पट्टा असतो. इकडे सीट मागून घ्यावी लागते.

"चला भाऊ, सरका आत," नाना म्हणाले. "ए बाई, कोंबडी जरा मांडीवर घे. या पावण्याची एक सीट आली की आपलं ॲव्हरेज अमेरिकेच्या वर जातंय." आणि पुतण्या वाकून आत शिरता शिरता त्यांनी आरशातून पुन्हा हाक मारली, "आणि सुट्टे असले तर आत्ताच काढून ठेवा, खाली उतरल्यावर कुनाकडं नसतात."